दाता क्रमांक सात

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखर वाकून. दिवसभर सूक्ष्मदर्शकावर ओणवं राहून पाठ आता सरळ होतच नाही, तेव्हा नमस्कार आपोआप घडतो.) मी इकडे बरी आहे. तू तिकडे रागात आहेस, म्हणजे तुझीही तब्येत ठणठणीत असणार. तुझ्या लग्नाला मी आले नाही त्याला परवा एक वर्ष चार महिने झाले, आणि तेवढेच दिवस तू माझा फोन उचललेला नाहीस. वहिनी उचलते, गोड बोलते आणि तू आत्ताच बाहेर गेलास म्हणून सांगते. मागे तुझा खोकला ऐकू येत असतो. (तो खोकला दाखवून घे एकदा.) शेवटी म्हटलं, पत्र लिहावं. पत्र मधेच ठेवून देता येत नाही. फाडता येतं, पण पाठकोरा कागद फाडणाऱ्यातला तू नाहीस, त्यावर तू तुझ्या ड्रायव्हिंगच्या वर्गातल्या शिकाऊ ड्रायव्हरांना चौक काढून दाखवशील.

लग्नाला का आले नाही ते तेव्हाच कळवलं होतं. पेशींना दर दोन दिवसांनी खायला घालावं लागतं आणि त्या शनिवार-रविवारी पाळी माझी होती. त्यावर तू वहिनीकरवी विचारलंस की माझी बहीण तिकडे गुरं राखते का. तर नीट सांगते. आमच्याकडे प्लास्टिकच्या चपट्या बाटल्यांत कर्करोगाच्या पेशी वाढवतात. माझ्या बाटल्यांतल्या पेशी कुणा एका आजोबांच्या गाठीतल्या आहेत. आता, प्रत्येकाच्या रक्तात पहारेकरी पेशी असतात. त्या अंगभर फिरून प्रत्येक पेशीच्या दारावरची पाटी वाचतात, आपलं असेल तर पुढे जातात, काही काळंबेरं दिसलं तर जागच्या जागी निकाल लावतात. कर्करोगाची पेशी महा डांबिस. ती अशी काही साळसूद बनते की पहारेकरी समोरून जातो आणि काही म्हणत नाही. हा साळसूदपणा तिला कुठल्या जनुकामुळे जमतो, ते शोधणं माझं काम. एक जनुक कापायचं (त्याची कात्री डोळ्यांना दिसत नाही, पण जराशा कारणानं रुसून कापायचंच सोडते, आपल्या घराण्यातली शोभेल), मग त्या बाटलीत पहारेकरी सोडायचे आणि बघायचं, आता तरी ओळखतात का. शेजारी न कापलेल्या पेशींची एक साधी बाटली ठेवायची, ताडून बघायला. पहारेकरीही त्याच आजोबांच्या रक्तातले लागतात. परक्याचे आणले तर ते कापलेलं-न कापलेलं काही बघत नाहीत, परकं दिसलं की तुटून पडतात. एवढं ध्यानात ठेव, माझी फजिती यातच आहे.

आजोबांचे पहारेकरी आमच्याकडे गोठवून ठेवलेले असतात, बोटाएवढ्या कुप्यांत. कुपी कोमट पाण्यात एक मिनिट धरायची, वितळली की लगेच भरपूर द्रावणात सोडायची, कारण ज्या औषधात त्यांना गोठवतात तेच वितळल्यावर त्यांना मारतं. तीन महिन्यांपूर्वी मी कुपी पाण्यात धरली आणि नेमका वहिनीचा फोटो आला. तू नव्या गाडीला टेकून उभा होतास. तुझं पोट सुटलंय, दादा. मिशी काढलीस ती कधी काढलीस? आपल्या घरातला एक माणूस मिशी काढतो आणि ते मला फोटोतून कळतं, याचा विचार करत मी उभी राहिले, आणि भानावर आले तेव्हा चार मिनिटं होऊन गेली होती. पहारेकरी गेले. दुसरी कुपी वाढवायची तर दोन आठवडे हवेत, आणि कापलेल्या पेशी तयार होऊन बसलेल्या.

इथे मी गाढवपणा केला. (तू मला लहानपणापासून अर्धवट म्हणत आलास. आता उरलेला अर्धाही गेला असं समज.) आमच्या दारावर मोठ्या अक्षरांत नियम लावलेला आहे: स्वतःचं रक्त वापरायचं नाही. का, तर त्या रक्तातली एखादी पेशी प्रयोगात बिघडली आणि चुकून सुईबरोबर परत आपल्याच अंगात गेली, तर आपले पहारेकरी तिला घरचीच समजतील आणि अडवणार नाहीत. नियम चांगला आहे, मी तो नव्या मुलांना पाठ म्हणून दाखवते. तरी मी वरच्या मजल्यावरच्या नर्सकडे गेले, तपासणीला हवं म्हणून नळीभर रक्त काढून घेतलं आणि नोंदवहीत लिहिलं, 'दाता क्रमांक सात'. एक ते सहा खरे रुग्ण होते, प्रत्येकाची गाठ आणि रक्त त्याचंच.

आणि खरं सांगू का, मला फार बरं वाटलं. हसू नकोस. इथे माझं कुणी नाही रे. मागच्या आठवड्यात माझ्याशी कोण कोण बोललं ते मोजलं, तर तिघं निघाली, आणि त्यातली एक लिफ्टमधली बाई, जी दार बंद होत आहे एवढंच म्हणते. (मी तिला बरं म्हणते.) रविवारी अख्ख्या मजल्यावर मी एकटी असते. शीतकपाटं घरघरतात, मी बाटल्यांशी बोलते. त्या रविवारी मात्र बाटलीत माझे पहारेकरी होते. पहिल्यांदाच घरचं कुणीतरी माझ्या कामाच्या जागी आलंय असं वाटलं. मी त्यांना सांगितलंसुद्धा की नीट वागा, नाव घालवू नका.

त्यांनी चौथ्या दिवशी बाटली साफ केली. एक पेशी शिल्लक ठेवली नाही. मी हरखले. जे जनुक आम्ही दीड वर्ष शोधतोय ते सापडलं म्हणत धावत बाईंकडे गेले. बाई म्हणजे आमच्या प्रमुख, त्या दोन वर्षांत एकदा हसल्या होत्या, त्या दिवशी दुसऱ्यांदा हसल्या. लगोलग सगळ्यांना बोलावलं, मी फळ्यावर चित्र काढलं, टाळ्या झाल्या. तेवढ्यात शंकासुरानं हात वर केला. (हा माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्याला चहा विचारला तरी तो कशावरून म्हणतो.) तो म्हणाला, साधी बाटली काय म्हणते? साधी बाटली मी बघितलीच नव्हती. आनंदात विसरले. सगळी वरात माझ्यामागे निघाली, मी बाटली काढली, भिंगाखाली धरली. तीही साफ. जनुक कापलेल्या मेल्या, न कापलेल्याही मेल्या. माझ्या पहारेकऱ्यांनी काहीही ओळखलं नव्हतं. समोरचं परकं आहे एवढं बघितलं आणि सरसकट सगळं झोडून काढलं. परक्याचे चालत नाहीत हे मला पाठ होतं, पण कुपी वाया गेल्याच्या घाईत सुचलंच नाही.

मग बाईंनी शांतपणे नोंदवही मागवली. दाता सात कोण, म्हणाल्या. मी खाली बघितलं. शंकासुरानं माझ्या कोपराच्या आतल्या बाजूचा सुईचा निळा डाग बघितला. पुढचं सांगत नाही. शिक्षा म्हणून आता दर महिन्याला नव्या मुलांपुढे उभं राहून मी वाईट उदाहरण म्हणून स्वतःची ओळख करून देते. मुलं वहीत लिहून घेतात. एकीनं तर माझं नाव अधोरेखित केलं.

आता तुझ्याकडचं काम. सख्ख्या भावंडांत चारांत एकदा असं होतं की दोघांच्या पेशींवरच्या पाट्या हुबेहूब एक निघतात. मग एकाचे पहारेकरी दुसऱ्याच्या पेशींना हात लावत नाहीत, घरचंच समजतात. तुझी माझी पाटी एक आहे की नाही ते कुणी कधी तपासलेलं नाही. तरी शास्त्राच्या भल्यासाठी तू नळीभर रक्त द्यावंस अशी विनंती आहे. रक्त टपालानं येत नाही, काही तासांत खराब होतं, म्हणजे तुला स्वतःलाच यावं लागेल. वहिनीलाही आण. माझी खोली लहान आहे पण खिडकी मोठी आहे, आणि इथले लोक गाडी इतकी वाईट चालवतात की तुला दिवसभर करमणूक होईल.

वहिनीला नमस्कार सांग. खोकल्याचं मनावर घे.

तुझी,
अर्धवट

ता. क. – रक्ताचं राहू दे. नातेवाइकांचंही चालत नाही, नियमात पुढच्याच ओळीत लिहिलंय.

ता. क. २ – पेशींना दर दोन दिवसांनी खायला घालावं लागतं हे खरं आहे. पण कुणाला गावी जायचं असलं की तो त्या गोठवून ठेवतो. अर्ध्या तासाचं काम. इथे सगळे करतात. तुझ्या लग्नाच्या वेळी मलाही करता आलं असतं. केलं नाही, कारण आई गेल्यावर त्या घरात आपण दोघंच होतो, आणि आता तिथे मी पाहुणी होणार हे मला बघवणार नव्हतं. वहिनीचा यात काही दोष नाही. तुझाही नाही. मी खोटं बोलले आणि खापर पेशींवर फोडलं. चुकलं माझं, दादा.

ता. क. ३ – आज सकाळी सगळ्या बाटल्या गोठवल्या. पंचवीस मिनिटं लागली. पुढच्या शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलंय, दुपारी चारला पोचते. येऊ नको म्हणायचं असेल तर वहिनीकरवी कळव, मी वाईट वाटून घेणार नाही. (घेईन.) काहीच कळवलं नाहीस तर येते. फक्त दार तू उघड, तिला पाठवू नकोस.