रिकामी परात

३ जानेवारी १९६०, घाटंजी. सकाळी.
आजपासून आमच्या घरात सॅलड. निर्णय पक्का.
आमच्या कापसाच्या जिनिंगचे नवे मॅनेजर जेवणाआधी नुसती पानं खातात. पन्नाशी उलटली तरी पोट सपाट. मी त्यांचा हेडक्लार्क, आणि खुर्चीतून उठताना मला टेबल धरावं लागतं. दोष सगळा आमच्या सौ. भागीरथेच्या फोडणीचा. घरातल्या प्रत्येकाला निरोगी करायचं, आणि तेही आवडीनं.

संध्याकाळी.
मुळा, गाजर, कोबी, भेदरं म्हणजे टोमॅटो. सगळं स्वतः चिरलं. तेल नाही, तिखट नाही, मीठ बेताचं. भागीरथा म्हणाली, मीठ कमी आहे. अडाणीपणा. आईने विचारलं, "हे कोनासाठी चिरून राह्यला रे?" म्हटलं, सगळ्यांसाठी. ती म्हणाली, "मले त दात नाही बापा." मी समजावलं की व्हिटॅमिनला दात लागत नाहीत.

४ जानेवारी.
यश! आमच्याकडे आधी पुरुष जेवतात, म्हणजे मी एकटा. माझा वाटा खाल्ला (जवळजवळ), आणि परात आत पाठवली. बायका मागून बसल्या. परात बाहेर आली ती चाटूनपुसून रिकामी! आईनेसुद्धा काही ठेवलं नाही. माणूस खोटं बोलेल, रिकामी परात बोलत नाही.

९ जानेवारी.
रोज परात रिकामी. कोबीचा दांडासुद्धा शिल्लक राहत नाही. आमची वच्छी, एकुलती एक मुलगी, हसून म्हणाली, "बाबा, अजून थोडं जास्त चिरत जा." ऊर भरून आला. बाप असावा तर असा, असं तिला वाटत असणार.
चांदी हल्ली दूध जास्त देते. बकरीला इथली थंडी मानवलेली दिसते.

११ जानेवारी.
बाजारात भजी खाल्ली. थोडीच. फक्त तुलनेसाठी. पहिल्या खेपेत तुलना नीट झाली नाही म्हणून पुन्हा घेतली.

१५ जानेवारी.
मेव्हणे पंजाबराव तिळगूळ घेऊन आले. वच्छीला स्थळ आणलंय. आर्णीचे बबनराव, कापसाची शेती, बारमाही विहीर, मुलगा मॅट्रिक आणि स्वभावाने गरीब. चोवीस तारखेला मुलगी पाहायला आणि जेवायला येणार.
मागची दोन स्थळं हातची गेली. भागीरथेच्या मते दोन्ही माझ्या बोलण्यामुळे. पंजाबराव बोलत होते तेव्हा आतल्या खोलीत वच्छीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या. या वेळी जमायलाच हवं. पोरीचं वय थांबत नाही.

१७ जानेवारी.
भागीरथेने शपथ घातली. म्हणाली, "पाव्हण्यायले रोडगे, वांग्याची भाजी अन् तूप. तुमचा तो चारा मधात आणू नोका. पोरीच्या जन्माचा सवाल आहे." मी शब्द दिला.

१८ जानेवारी.
शब्द दिला तो जेवणाबद्दल. सॅलड जेवणाच्या आधी द्यायचं असतं. म्हणजे शब्द मोडत नाही. शिवाय बबनरावांना गॅसचा त्रास आहे, हे पंजाबरावांनीच सांगितलं. बरं वाटलं तर माणूस आयुष्यभर उपकार विसरणार नाही.

२४ जानेवारी. पहाटे.
न्हाणीला आतून कडी लावून मुळा चिरला. भागीरथेने बाहेरून दोनदा विचारलं, बरं नाही काय? परात झाकून ज्वारीच्या कोठीमागे ठेवली. छातीत धडधडतंय. मोठ्या कामाआधी धडधडणारच.

त्याच दिवशी. संध्याकाळी.
जसं घडलं तसं लिहितो.
बबनराव, मुलगा, पंजाबराव पाटावर बसले. आतून रोडग्यांचा वास येत होता. मी परात आणून मधोमध ठेवली, झाकण काढलं आणि पचनाबद्दल चार शब्द बोललो. बबनरावांनी परातीकडे पाहिलं, मग पंजाबरावांकडे पाहिलं. म्हणाले, "आमी का ढोरं आहो काय, भाऊ?" पंजाबरावांनी मान खाली घातली. मी म्हणालो, एकदा खाऊन तर पाहा, आणि पळीने परात वाजवून वाढायला घेतलं.
तेवढ्यात मागच्या अंगणात दावं तुटलं. चांदी स्वयंपाकघरातून सरळ ओसरीवर आली. पुढचे दोन्ही पाय बबनरावांच्या पाटावर ठेवले आणि परातीत तोंड घातलं. इतक्या सरावाने, की कोणाला तिला हाकलायचं सुचलं नाही.
आतून आई ओरडली, "तिची येळ झाली ना! रोज तिलेच त घालतो आमी!"
वच्छी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तांब्या तिथेच ठेवून रडत आत पळाली. भागीरथेने रोडगे वाढले. जाताना बबनराव एवढंच म्हणाले, "कळवतो." मागचे दोघेही एवढंच म्हणाले होते.

२६ जानेवारी.
निरोप नाही. भागीरथा बोलत नाही. ताट ठेवत नाही, सरकवते. वच्छीचे डोळे सुजलेत.
चूक दाव्याची. जुनं झालं होतं. आणि आईचं वय झालंय. एखाद्या दिवशी उरलंसुरलं बकरीला गेलं असेल, ती आपली म्हणते 'रोज'.

२८ जानेवारी.
निरोप नाही. भीती वाटते. जिनिंगमध्ये दोन नोंदी चुकल्या. सॅलड बंद. तात्पुरतं.

२ फेब्रुवारी.
पंजाबराव आर्णीहून आले. आल्याआल्या पाणी मागितलं आणि पिता पिता किती वेळ लावला! भागीरथा दाराची चौकट धरून उभी. मग ते म्हणाले, "भाऊजी, पोरगी पसंत आहे. देणंघेणं काही नाही. फक्त ते बकरी पोरीसंगं पाठवा म्हणते बबनराव. थोरल्याच्या लेकराले दूध लागते. अशी तेजदार बकरी त्यायनं पाह्यली नाही."
भागीरथा रडता रडता हसायला लागली. आईने देवापुढे गूळ ठेवला.
सॅलडचा गुण शेवटी सिद्ध झाला. कोणाच्या अंगी लागलं हा मुद्दा गौण.

१२ मे.
लग्न पार पडलं. मागच्या बैलगाडीत चांदी. वच्छी गळ्यात पडली आणि म्हणाली, "बाबा, मी तिले रोज चिरून घालीन." मी जाऊन चांदीचं दावं गाडीला पुन्हा घट्ट बांधलं.

१६ मे. दुपारी.
घर सुनं वाटतं. सॅलड पुन्हा सुरू केलं. काकडी, कांदा, कैरी. परात आत पाठवली.
भरलेली परत आली.
वच्छीच्या आठवणीने कोणाला घास जात नसेल, असं मनाशी म्हटलं. पण आत डोकावलो तर वांग्याच्या भाजीचं पातेलं पुसून ठेवलेलं होतं.
परात घेऊन मागच्या अंगणात गेलो. खुंटा रिकामा होता. तिथेच बसून थोडं खाल्लं.
मीठ खरंच कमी होतं.