जास्तीच्या गुणाचा निर्णायक विजय

शॉटन, विस्कॉन्सिन
सोमवार, तळ्यावर बर्फ धरायला लागलेला

परमपूज्य (वयाने; बाकीचं आपण बोलायला नको) विल्बर्टमेहुणे यांस,

एल्रॉय झास्ट्रोचा मनापासून नमस्कार. तुमच्या बहिणीचा, म्हणजे आमच्या डार्लीनचा, गुडघा सोडला तर इकडे सगळं ठीक चाललं आहे. अॅरिझोनाच्या उन्हात तुमचं पित्त शांत झालं असेल अशी आशा करतो. तुमची आठवण रोज निघते. डार्लीन समोर असेल तेव्हा चांगल्या शब्दांत, नसेल तेव्हा खऱ्या शब्दांत.

पत्र लिहिण्याचं कारण एवढंच, की तुम्ही हरलात. गाव सोडताना लोक जुना सोफा मागे ठेवून जातात, गवत कापायचं यंत्र ठेवून जातात. तुम्ही आपल्या फुटबॉल क्लबाच्या वार्षिक सभेसाठी ठराव ठेवून गेलात. टचडाउनचे सहा गुण झाल्यावर चेंडू दोन खांबांमधून मारून जो जास्तीचा एक गुण मिळतो, तो म्हणे लीगमधून काढूनच टाकावा. का, तर ती किक कधी चुकत नाही आणि त्या वेळात अर्धं मैदान मुतारीच्या रांगेत असतं. (त्या रांगेत तुमचा नंबर कायम पहिला असायचा, हे मी सभेत सांगितलं. लोकांना आठवत होतं.) बाकीच्या गावांची मतं निम्मी निम्मी पडली, त्यामुळे सगळं आपल्या शॉटनवर येऊन ठेपलं होतं.

तुमचा सख्खा भाचा लोवेल संघात आहे तो या एका किकेपुरता, हे तुम्ही ठराव लिहिताना विसरलात, असं मी धरून चालतो. लांबच्या किका मारायला शेबॉयगन गावचा तो दुसरा दांडगा आहे. लोवेलला धावता येत नाही, चेंडू झेलता येत नाही, आणि (बाप असून सांगतो) कोणी धक्का दिला तर हाच माफी मागतो. आठवडाभर चीजच्या कारखान्यात रबरी बूट घालून पाण्यात उभा असतो. रविवारी मात्र त्याच्या पाठीवर झास्ट्रो हे नाव असतं आणि त्याची आई ते नाव शेजारच्या अनोळखी माणसालाही दाखवते. किक गेली की ती जर्सी गेली. मला झोप लागत नव्हती, मेहुणे.

सभा नेहमीप्रमाणे गेर्लाखच्या बारमध्ये भरली. तुमचा ठराव मांडायला दातांचे डॉक्टर हुप्पर्ट उभे राहिले. (यांनी माझी चांगली दाढ काढून किडकी जागेवर ठेवली होती, तेव्हा सोपं काय आणि अवघड काय, हे त्यांनी सांगावं म्हणजे कमाल आहे.) ते म्हणाले, "ही किक माझी आजीसुद्धा मारेल." मी उठलो आणि म्हणालो, "म्हातारीला कशाला त्रास देता डॉक्टर, तुम्हीच मारा की." झालं. सगळी सभा हातातले मग घेऊन रस्त्यापलीकडच्या मैदानावर. खाली बर्फाचा चिखल. लोवेल बिचारा स्वतः गुडघ्यावर बसून चेंडू उभा धरत होता आणि हळूच सांगत होता, "डॉक्टर, खांबाकडे बघू नका, चेंडूकडे बघा." डॉक्टरांनी धाव घेतली. चेंडू जाऊन पडला सॉसेजच्या शेगडीत. बूट मात्र दोन खांबांच्या अगदी मधून गेला, आणि डॉक्टर म्हणायला लागले, बूटच गुणात धरा. मग बँकेचे ऑर्व्हिलसाहेब आले, ते चेंडूपर्यंत पोचलेच नाहीत. त्यांच्यामागून पाद्री लिंडनर. त्यांचा चेंडू मागे गेला. मागे, मेहुणे. हे कसं जमलं ते त्यांना सांगता येईना; त्यांच्या वरच्यालाच ठाऊक.

शेवटी लोवेल उठला, पँटचा चिखल झटकला आणि कारखान्याच्या त्याच बुटांनी चेंडू बरोबर मधोमध घातला. मग ऑर्व्हिलसाहेबांनी विचारलं, "हा दर वेळी असाच मारतो?" म्हाताऱ्या अॅग्नेसबाई म्हणाल्या, "दर वेळी. आपण तेव्हा रांगेत असतो." माझी छाती अशी फुगली की कोटाचं बटण तुटलं. गारठलेले सगळे आत आले, नव्याने बिअर घेतली, मतदान झालं, आणि तुमचा ठराव मंजूर झाला नाही. पुन्हा लिहितो, लिहायला बरं वाटतं: मंजूर झाला नाही. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला टर्कीसमोर बसून या किकेवरून गेली कित्येक वर्षं चाललेलं आपलं भांडण या पत्राने संपलं आहे. मोठ्या मनाने मी तुम्हाला क्षमा करतो.

तुमचा विजयी मेहुणा,
एल्रॉय

ता. क. ठराव मंजूर झाला नाही हे खरंच, पण तसं पाहिलं तर नामंजूरही झालेला नाही. मतं समसमान पडली. अशा वेळी गावाबाहेरच्या सभासदाचं मत पोस्टाने मागवतात, आणि तसा सभासद एकच आहे. तेव्हा शुक्रवारपर्यंत "विरोधात" एवढा एक शब्द लिहून पाठवावा. अॅग्नेसबाईंनी केलेलं लोणचं पाठवत आहे. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

ता. क. (डार्लीनच्या हातचा). विल्बर्ट, यांनी गाळलेलं मी लिहिते. आपल्याकडे मत बिअरचा मग वर करून देतात, तुला माहीतच आहे. डॉक्टरांनी "ठरावाच्या बाजूने कोण?" असं विचारायला आणि गेर्लाख बिअरचा जग घेऊन यायला एक गाठ पडली. यांचा मग रिकामा होता. वर गेला. मोजला गेला. नंतर कितीही ओरडले तरी एकदा वर गेलेला मग खाली धरत नाहीत.

तू तुझ्या मनाला येईल ते मत दे, मी भीड घालणार नाही. फक्त ठरावाच्या बाजूने देणार असलास तर आधी लोवेलला फोन करून तूच सांग. तो म्हणेल, "काही हरकत नाही मामा, तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे." ते ऐकून घे, आणि मग पाकीट बंद कर.