प्याचेन्झाचे खोके

१४ ऑक्टोबर

पुन्हा प्याचेन्झाचे खोके! सकाळी हॉलमध्ये शिरले तर दारापासून रॅकपर्यंत तेच — इटालियन चिठ्ठ्या चिकटवलेले. कंपनीच्या तिकडच्या गोदामात संप झाला की त्यांच्या ऑर्डरी लगेच आमच्या गळ्यात. त्यांनी फाटकावर बसून गाणी म्हणायची आणि इथे स्ट्रिकूफमध्ये आम्ही जास्तीचं राबायचं. ओव्हरटाइम ऐच्छिक आहे म्हणे. नाही म्हणणारा ओल्गिएर्दच्या बरोब्बर लक्षात राहतो.

ओल्गिएर्द म्हणजे आमचा शिफ्ट मॅनेजर. मिसरूड फुटलेला पोरगा. कंपनीचा नियम असा की सगळ्यांनी एकमेकांना नुसत्या नावानं हाक मारायची, अरे-तुरे करायचं. त्यामुळे तो मला ‘लुत्सिना, तू’ म्हणतो आणि मी त्याला ‘ओल्गिएर्द, तू’. हाकलतानाही असंच प्रेमानं हाकलतो.

कंबर गेली. इटालियन सगळे मेले तर बरं, असं आज खरंच वाटलं.

१६ ऑक्टोबर

यागोदाच्या स्वयंपाकघरात मीटिंग. यागोदा माझ्याच रांगेत खोके काढते. पूर्वी इटलीत एका म्हातारीची उठबस करायला होती, म्हणून तिला ती भाषा येते. शिवाय फोर्कलिफ्टवाले चेस्वाफ, युक्रेनची सोलोमिया आणि मी. आमची युनियन म्हणजे हे एवढं टेबल. मोठी युनियन वेगळी — तिला ऑफिस आहे, झेंडा आहे, आणि कंपनीच्या केकचा तुकडाही मिळतो.

फोनवर प्याचेन्झाचा हमदी. मूळचा इजिप्तचा, तिथे खोके वाहतो आणि संपही तोच चालवतो. म्हणाला, आमच्याकडे कंत्राटदार बदलतो, की जुनी माणसं एका दिवसात कागदावर नवी होतात आणि निम्मी बाहेर राहतात.

चेस्वाफ म्हणाले, “त्याला सांग, आमच्याकडे माणसं पुरवणारी एजन्सी बदलते. जॅकेट निळं होतं, पिवळं होतं, आतलं गाढव तेच.”

यागोदानं भाषांतर केलं. तिकडे हमदी खो खो हसला. त्या हसण्यानं माझा राग जरा उतरला.

फ्रान्स, स्पेन, जर्मनी — सगळीकडच्या अशा फाटक्या युनियन्स आता एकत्र येताहेत. कारण सरकारं सगळीकडे एकच कायदा आणताहेत. कामगार लवचिक हवा. लवचिक म्हणजे हवा तसा वाकवा, मोडला तर दुसरा आणा. म्हणून यांचं ठरलंय — एकाच्या संपातलं काम दुसऱ्यानं उरकून द्यायचं नाही. बस, एवढंच. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला.

ओल्गिएर्दनं मला जानेवारीत कायम करायचं कबूल केलंय, हे मात्र कुणाला बोलले नाही. किती वर्षं झाली तीन-तीन महिन्यांच्या करारावर! दर वेळी मुदत संपत आली की रात्री पैसे मोजत बसते. ते मोजणं थांबावं, एवढंच मागणं आहे माझं. क्रांती-बिंती तुमची चालू द्या.

२० ऑक्टोबर

संप करायचा तर आमचा कायदा आधी सगळ्यांचं मतदान घ्या म्हणतो, आणि एजन्सीच्या माणसांना तर माणसांतच धरत नाही. म्हणून चेस्वाफनी युक्ती काढली. भिंतीवर सुरक्षेचे नियम टांगलेत ना? ते पाळायचे. सगळे. गुडघ्यात वाकून उचला. वळणावर थांबून दोन्हीकडे बघा. चिठ्ठी पूर्ण वाचा. एका वेळी एकच खोका.

आज पाळले. सोलोमिया कठडा धरून जिन्यावरून अशी उतरली, जणू बिशपच उतरतोय! हसू आवरेना. दुपारपर्यंत अख्ख्या हॉलला कळलं. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण सगळे एकदम धर्मनिष्ठ झाले. बाहेर ट्रक रिकामे उभे. स्कॅनरवरचे आमच्या वेगाचे टक्के पार झोपले. प्याचेन्झाचे खोके जागच्या जागी.

असा आनंद मला कामावर आयुष्यात झाला नव्हता.

२३ ऑक्टोबर

ओल्गिएर्द ट्रॉलीपाशी आला. “लुत्सिना, तुझे टक्के बघून मला वाईट वाटतं गं.”

पाठ दुखते म्हटलं.

“जानेवारी लक्षात आहे ना तुझ्या?”

चेहऱ्यावर काळजी होती. खोटी नव्हती, त्याचीच भीती वाटली. दुपारनंतर मी वेग वाढवला. यागोदानं पाहिलं.

२७ ऑक्टोबर

आईचा नामदिवस, म्हणजे तिच्या नावाच्या संताचा दिवस. खसखशीचा केक नेला. तिनं नाक मुरडलं, “दुकानातला?” आणि दोन तुकडे खाल्ले.

तिथेच यागोदाचा फोन. हमदीला आमची नावं हवीत. पूर्ण नाव, आडनावासकट. कुणी मदत केली ते त्याच्या माणसांना कळायला पाहिजे म्हणे. “बाकीच्यांची दिली मी. तुझंही देऊ ना?”

मी आईकडे पाहिलं. ती सूतगिरणीत होती, लष्करी राजवटीत. तेव्हा लोकांना घरातून उचलून नेत. लहानपणापासून एकच शिकवण — लुत्सिना, नाव कुणाला सांगायचं नाही.

“माझं राहू दे,” म्हटलं.

“का गं?”

“उगाच. मी काय केलंय एवढं?”

“बरं बाई, विनयशील.” हसली आणि फोन ठेवला.

इतरांचीही देऊ नकोस म्हणायला हवं होतं का? म्हटलं असतं, तर भित्री म्हणाली असती. आणि नुसत्या नावानं होतंय काय!

२९ ऑक्टोबर

जिंकले! प्याचेन्झाची सगळी माणसं कामावर परत, जुन्याच पगारावर. खोके इकडे अडले म्हणून कंपनी नमली. चेस्वाफनी कँटीनमध्ये सगळ्यांना डोनट वाटले. निमित्त काय विचारलं, तर म्हणाले मांजरीला पिल्लं झाली.

३० ऑक्टोबर

यागोदानं व्हिडिओ दाखवला. हमदी ट्रकच्या टपावर, हातात कर्णा. समोर ही गर्दी. तिकडची पद्धत आहे — ज्यानं साथ दिली त्याचं पूर्ण नाव पुकारायचं, आणि जमावानं त्याच्या वतीनं ‘हजर!’ ओरडायचं.

यागोदा नोवित्स्का — हजर! चेस्वाफ प्येत्राक — हजर! सोलोमिया हाव्रिश — हजर!

वर कंपनीचं नाव, गावाचं नाव, आणि खोके कसे अडवले ते सगळं साग्रसंगीत.

सोलोमिया रडली. “माझं नाव इतक्या मोठ्यानं आजवर कुणी घेतलं नव्हतं,” म्हणाली. चेस्वाफ पुन्हा पुन्हा बघत होते. मीही टाळ्या वाजवल्या. हात दाखवून अवलक्षण ते हेच. कुणाच्याच कसं लक्षात येत नाही?

आणि हेही लिहून टाकते — माझं नाव नव्हतं म्हणून मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

३१ ऑक्टोबर

काही झालं नाही. बहुधा कुणी बघितलंच नसेल.

१ नोव्हेंबर

मृतांच्या आठवणीचा दिवस. आईबरोबर दफनभूमीत. सगळं गाव लोटलेलं, जिकडेतिकडे मेणबत्त्या. बाबांच्या कबरीचा दगड पुसता पुसता तिला व्हिडिओचं सांगितलं.

“नाव दगडावर कोरलं, की मगच त्याला कुणी काही करत नाही,” म्हणाली. मग विचारलं, “तुझं नाही ना त्यात?”

नाही म्हटलं. “शहाणी माझी,” म्हणाली.

३ नोव्हेंबर

तिघांना एकामागून एक वर बोलावलं. ओल्गिएर्दनं म्हणे व्हिडिओ पडद्यावर लावून ठेवला होता. “फार सुंदर आहे. आम्ही ऑफिसात सगळ्यांनी पाहिला. तुझं नाव आलं तेव्हा मीही हजर म्हटलं, चेस्वाफ.” त्या माणसाच्या मुलाच्या वयाचा आहे हा.

तिघांनाही काढलं. कारण लावलं — टक्के कमी. कायद्यात चोख बसतं.

गार्ड त्यांना हॉलमधून घेऊन गेला, हातात प्लास्टिकच्या पिशव्या, कपाटातलं सामान. मुद्दाम मधल्या वाटेनं नेलं. मागचा दरवाजा जवळ होता. चेस्वाफ चपला घालून गेले, कारण कामाचे बूट कंपनीचे. बाहेर चिखल.

मी खोका उचलला. वाकले गुडघ्यातच, सवय झाली होती.

६ नोव्हेंबर

यागोदाकडे. फोनवर हमदी रडत होता. त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं. “आमच्याकडे ज्याचं नाव अख्ख्या फाटकाला ठाऊक, त्याला मालक हात लावत नाही. मला वाटलं, मी तुम्हाला वाचवतोय.” यागोदानं त्याला इटालियनमध्ये काहीतरी हासडलं. त्याचं भाषांतर नाही केलं.

मग ठरलं. आता प्याचेन्झावाले आमच्यासाठी संप करणार. तिघांना परत घ्या, ही एकच मागणी. दिवस अठ्ठावीस नोव्हेंबर, मोठ्या सेलचा शुक्रवार. कंपनीची मान त्या दिवशी हातात असते.

यागोदानं माझे खांदे धरले. “नशीब तू त्या दिवशी नाव दिलं नाहीस! आत आता तूच एकटी आहेस. हॉल तुझ्याकडे बघेल. तू हळू झालीस की सगळे हळू होतील.”

चेस्वाफ म्हणाले, “पोरी, आमचा जीव तुझ्या हातात आहे बघ.” साठी जवळ आलीये, कोण ठेवणार आता त्यांना? मी मान डोलावली.

१४ नोव्हेंबर

करार छापून तयार आहे. ओल्गिएर्दनं दाखवला, हातात दिला नाही. कायम. माझं नाव, पुढे मुदतीची जागाच नाही.

“जानेवारीपर्यंत कशाला थांबायचं? अठ्ठावीसला शिफ्ट संपली की सही करू. शुक्रवार कसा जातोय बघू या आधी.”

त्याला सगळं माहीत आहे. मला वाटतं पहिल्यापासून माहीत आहे. कुत्र्याला बिस्किट दाखवावं तसा कागद धरला होता. आणि मी बघत होते की!

२१ नोव्हेंबर

यागोदा सूप घेऊन आली. सोलोमिया गेली. नोकरी नाही तर राहण्याचा परवाना नाही. कुठे गेली ते सांगितलं नाही, फोनही उचलत नाही. अठ्ठावीसला जिंकलो तर शोधून परत आणू, यागोदा म्हणाली.

“करशील ना गं?”

हो म्हटलं. म्हणताना खोटं नव्हतं.

२७ नोव्हेंबर

सूप फेकून दिलं. आंबलं होतं.

२८ नोव्हेंबर

सकाळपासून प्याचेन्झा बंद. त्यांचे खोके आमच्या दारात. भोंगा झाला तरी हॉलमध्ये कुणी हलेना. सगळे माझ्याकडे बघत उभे. मी दोन खोके एकदम उचलले आणि चालू लागले, भरभर. मग सगळे लागले.

खोके इकडून सुटले, तसा दुपारी तिकडचा संप मोडला. संध्याकाळी मी सही केली.

यागोदाचा मेसेज आलाय — ‘आत कुणीतरी फुटलं. कोण ते तूच शोधू शकशील. माझा फक्त तुझ्यावर भरवसा आहे.’