हरणाऱ्यानं पट काढायचा

प्रिय आबा,

तुम्ही समोर असता तर सासऱ्याला 'प्रिय' म्हणायची माझी छाती झाली नसती. 'चहा ठेवलाय' एवढंच म्हणाले असते. पण काल तुमची नात हरली, आणि त्यानंतर तिनं मला एक प्रश्न विचारला. त्याचं खरं उत्तर मी तिला दिलं नाही. ते आधी तुमच्यापुढं कबूल करावं म्हणून लिहायला बसलेय.

सासूबाई गेल्या आणि तुम्ही तिसगाव सोडून नागापूरला आमच्या दोन खोल्यांत आलात, तेव्हा स्वरा तीन वर्षांची होती. तुमचे चिरंजीव कंपनीत, मी शिलाई मशीनवर. तुम्ही आणि स्वरा फरशीवर खडूनं चल्लस-आठचा पट काढून बसायचात. चार अर्धे चिंचोके, बांगडीच्या काचा आणि तुमचं रोजचं हरणं. किती लबाडी करायचात हो! आठ पडले की मुद्दाम सातच घरं चालायचात, वर म्हणायचात, "म्हातारा झालो, दिसत न्हाई आता."

ती टाळ्या पिटायची. तुम्ही दुखरा गुडघा धरून वाकायचात, चिंचोके गोळा करायचात आणि पुसट झालेला पट नव्यानं काढायचात. "हरणाऱ्यानं पट काढायचा, कायदाच हाय तसा." मला मात्र माझ्या फरशीवरचा खडूच तेवढा दिसायचा.

मग त्या सोमवारी शाळेतून बाईंचा फोन आला. लिंबू-चमच्यात दुसरी आली म्हणून स्वरा पहिल्या आलेल्या मुलीच्या हाताला चावली होती. मी शाळेत मान खाली घालून उभी राहिले आणि घरी येऊन सगळा राग तुमच्यावर काढला. "आबा, तुम्ही लाडानं पोरीची वाट लावलीत. तिला हरायला कोण शिकवणार? एकदा तरी जिंका." तुम्ही डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. इतकं तोडून बोलायला नको होतं मी. पण माझी जीभ तुम्हाला माहीतच आहे, उगाच का मला 'मास्तरीणबाई' म्हणायचात!

दुसऱ्या दिवशी तुम्ही जिंकलात. स्वरानं चिंचोके भिरकावले, पायानं पट पुसला आणि तुमच्याशी कट्टी घेतली. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. "मास्तरीणबाई, तुमचं ऐकलं बघा. पन पोरीचं तोंड बघवंना मला." मी कणीक मळता मळता म्हणाले, "येईल दोन दिवसांत ताळ्यावर."

दोनच दिवस उरलेत, हे मला कुठं ठाऊक होतं?

गुरुवारी सकाळी तुमच्या छातीत कळ आली. रिक्षात बसवलं तेव्हा घामानं सदरा भिजला होता, तरी दारात उभ्या असलेल्या स्वराकडं तुम्ही दोन बोटं पुढं केलीत. बट्टीची. तिनं तोंड फिरवलं. दुपारी तुम्हाला घरी आणलं ते झाकूनच.

तेवढी बट्टी होईपर्यंत थांबायचं ना, आबा? चार वर्षं हरत होतात तेव्हा कसली घाई नव्हती, आणि एकदा जिंकलात तर लगेच निघालात? हे बोलणं बरोबर नाही, कळतं मला. पण राग येतो तुमचा, आणि तुमच्यापेक्षा माझा जास्त येतो.

दहाव्यानंतर झाडताना दिवाणाखाली चिंचोके सापडले. तुमच्या चुन्याच्या डबीत घालून ठेवले. सहा महिने स्वरानं त्या डबीला हात लावला नाही.

काल शेजारच्या गौरीनं हट्ट धरला म्हणून दोघी खेळायला बसल्या. मी मेथी निवडत होते. गौरी जिंकली आणि माझा हात थांबला. आता ही डबी फेकणार, चावणार, असंच मला वाटलं. स्वराचे ओठ थरथरले, डोळे भरून आले. मग तिनं चारही चिंचोके गोळा केले, खडू घेतला आणि पट काढायला वाकली.

"मी काढते ना," गौरी म्हणाली.

"नाही. हरणाऱ्यानं काढायचा असतो. आमचे आबा रोज काढायचे."

आबा, मी मेथी तशीच टाकून मोरीत गेले आणि रडले. हरायला कोण शिकवणार, असं तुम्हाला विचारलं होतं मी. चार वर्षं तिच्यासमोर रोज तेच तर करत होतात. मी ते बघत होते आणि मला दिसलं नाही.

गौरी गेल्यावर स्वरानं विचारलं, "आई, आबा माझ्यावर रागावले होते म्हणून जिंकले का?"

मी "नाही गं" म्हणाले आणि भाजी फोडणीला टाकायला गेले. पुढचं बोलायची हिंमत झाली नाही. सात वर्षांचं लेकरू सहा महिने हे मनात घेऊन फिरतंय आणि मी गप्प आहे.

आज ती शाळेतून आली की सांगणार आहे. आबांना जिंकायला मी सांगितलं होतं. ते रागावले नव्हते, त्यांना जिंकायचंच नव्हतं. हा माझा शब्द आहे तुम्हाला. हे ऐकून ती माझ्याशी कट्टी घेईल. घेऊ दे. कितीही दिवस लागले तरी रोज संध्याकाळी मी फरशीवर पट काढून तिची वाट बघत बसेन.

तुमची मास्तरीणबाई,
मनीषा