पुढच्या सीटवरची मोटार

आप्पा,

गेल्या महिन्यात एका सकाळी शिवपूजा आटोपून मी रिवाइंड करून आणलेली बोअरची मोटार पिकअपच्या पुढच्या सीटवर ठेवली, दोरीनं बांधली आणि तुमच्या सुनेला मागं पाइपांशेजारी बसवलं. मोटार रेणापूरकडच्या एका मळ्यात उतरवायची होती आणि हिला वाटेत माहेरी सोडायचं होतं. जळकोट मागं पडलं, वळणावर म्हैस आडवी आली आणि मी ब्रेक दाबला. मागं पाइप सरकले, पत्र्यावर आदळले, मग काहीच आवाज नाही. मी स्टेअरिंग धरून बसलोय. तोंडातून शिवाचं नावसुद्धा निघत नाही. कसाबसा मागं गेलो. ही केबिनला टेकून ताठ बसलेली, पाइपाचं टोक तिच्या कानाशेजारी पत्र्यात रुतलेलं. माझ्याकडं बघून म्हणाली, "मोटारीला काई झालं न्हाई न्हवं? ती बघा आधी."

आणि मी खरंच आधी केबिनकडं बघितलं, आप्पा.

तुम्हीही मोटार पुढंच ठेवायचात. धक्का बसला तर आतल्या तारांचं वाइंडिंग जाईल म्हणायचात. आई मला मांडीवर घेऊन मागं बसायची, पदरानं धूळ झाकत. एकदा ती म्हणाली होती, "मला बी रिवाइंड करून आणा, म्हंजे फुडं बसाया मिळंल." तुम्ही लई हसलात, मीही हसलो. मग तुम्ही मला दटावलंत, "गाडी मालाची असती. माणूस कुठंबी बसतंय." आई हसत होती का, ते मी बघितलंच नव्हतं.

म्हैस आडवी आल्यानंतर ती पिकअप विकून नवी गाडी बघायला आम्ही नांदेडला गेलो. शोरूममधला पोरगा म्हणाला, "काका, धंद्याला सिंगल केबिनच घ्या, पाइप सरळ मावतील." बरोबरच होतं त्याचं. चार दारांच्या गाडीला एसी, पट्टे, एअरबॅग, सगळं होतं, पण मागचा मालाचा हौदा आखूड. पाइप वर कॅरिअरला बांधावे लागतील, खेपा वाढतील. माझं मन दोन्हीकडं ओढ घेत होतं. ही तोवर त्या गाडीत जाऊन बसली होती. तिनं दार लावलं, उघडलं, परत लावलं. म्हणाली, "हे आतून उघडतंय बघा." पिकअपच्या मागच्या फळीची कडी बाहेरूनच निघते, हे इतकी वर्षं माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

काल चार दारांची गाडी घरी आणली. विभूती लावली, नारळ फोडला. भावकीतल्या एकानं टोमणा मारला, "फिटरची गाडी हाय का साहेबाची? पाइप काय मांडीवर घेणार?" मी म्हणालो, "आप्पा असते तर त्यांनी हीच घेतली असती." त्यानं खोबऱ्याचा तुकडा उचलला आणि गाडीला हात लावून नमस्कार केला.

हा कागद तुमच्या समाधीवर ठेवायचं मनात होतं. ठेवणार नाही. तुम्ही ही गाडी घेतली नसती, हे मला माहीत होतं. तरी तुमचं नाव पुढं केलं, कारण बायकोसाठी घेतली म्हणायची लाज वाटली.