कुडपणातली रेंज आणि चंदूमामाचे पाहुणे

प्रिय अश्वजितदादास,

मानसीचा सप्रेम जय भीम. आम्ही सगळे पोलादपुरात ठीक. तुझ्या गुडघ्याचं वहिनीलाच विचारते, तू नुसतं "बरा आहे" म्हणशील.

पत्राचं कारण चंदूमामा; आज त्याच्याकडेच कुडपणला आलेय. कुडपणच्या घराला खोल्या जोडून, गाद्या आणून त्याने पर्यटकांची राहायची सोय केली, पण दिवाळीपासून कोणी फिरकलं नव्हतं. म्हणून इंटरनेटवर टाकायला इंग्रजीत माहिती लिहून दे म्हणाला. (मी सातवीला इंग्रजी शिकवते, हे त्याला अशा वेळीच आठवतं.) मामाच्या तोंडी सगळ्याला "हाय". लाइट हाय, गरम पाणी हाय, रेंज हाय, बिबट्यासुद्धा हाय. इंग्रजीत मात्र कोणती गोष्ट किती वेळा, हे सांगावं लागतं. वर्गात मी त्याचा जिनाच काढते: वर ऑलवेज, तळाला नेव्हर, मधल्या पायऱ्यांवर युज्वली, समटाइम्स, रेअरली. म्हणून प्रत्येक वस्तूला विचारलं, "नेहमी?"

"बिबट्या नेहमी कसा असंल गो? त्याला काय कामधंदा नाय?"

शेवटी खरं तेच लिहिलं. लाइट युज्वली, बिबट्या व्हेरी रेअरली, रेंज ऑलमोस्ट नेव्हर, मामीची भाकरी ऑलवेज. अर्थ ऐकून मामा म्हणाला, "ह्यापरास 'येव नका' अशी पाटीच लाव."

आणि पाहुणे आले! रेंज नाही म्हणूनच आले. साहेबाचा फोन लागू नये यासाठी माणसं एवढा घाट चढतात, हे मला कुठल्याच व्याकरणात सापडलं नव्हतं. एक जण फोन डोक्यावर धरून अंगणभर फिरला आणि खरंच रेंज नाही बघून मामाच्या पाया पडला.

पण गेल्या महिन्यात वाडीमागे टॉवर उभा राहिला. परवाचे पाहुणे भाकरी अर्धी टाकून ऑफिसच्या मीटिंगला बसले, आणि माहिती खोटी असल्याची तक्रार इंटरनेटवर लिहून गेले. ती वाचून पुढच्या मंडळींनी येणं रद्द केलं. मामा ओटीवर बसून टॉवरकडे बघत असतो.

वहिनीला जय भीम, पोरांना पापा.

तुझी बहीण,
मानसी

ता. क. तो टॉवर तुमच्याच कंपनीकडे देखभालीला आहे ना? मामा विचारतो, अधूनमधून बंद ठेवता येईल का? नेहमी नको. फक्त शनिवार-रविवार.

ता. क. दुसरा. हे मामी सांगते आहे. (मामा गोठ्यात गेलाय.) "अश्वजिता, टॉवरला हात लावशील तर बघ. आमची ऋतिका नाशकाला नर्सिंगला गेली, तिचं तोंड आता कुठं फोनवर दिसतंय. आन ती रविवारचीच मोकळी असते. पाव्हण्यांचं फोन मी तांदळाच्या डब्यात घालीन. भाकरी पायजे आसंल तर देतील गपगुमान."