काचेतले अनिबालमामा

मोंतेविदेओ, मंगळवार सकाळ

तीर्थरूप अनिबालमामा यांस,

भाचा लेआंद्रो याचा खुर्चीतून उठून केलेला नमस्कार.

तब्येत कशी आहे? डॉक्टरांनी मांस बंद केल्यापासून तुम्ही निम्मे झालात असं ऐकतो (ईस्टरला पाहिलं तेव्हा उरलेले निम्मेही भरपूर होतात). नेलिदामामी इथे बहिणीकडे सुखरूप आहेत.

आता माझं. पिरिआपोलिसला तुमच्या घरासमोर चौदा मजली इमारत होणार आहे ना, तिची जाहिरातीची चित्रं कॉम्प्युटरवर मीच करतोय. भिंती दोन दिवसांत उभ्या राहिल्या. खिडक्यांच्या काचांनी मात्र तीन आठवडे खाल्ले. पहिलं चित्र बघून बिल्डर, म्हणजे सेन्योर इतुराल्दे, म्हणाले, "काचा बसवायच्या राहिल्यात." म्हटलं, स्वच्छ आहेत म्हणून दिसत नाहीत. "मग जरा दिसू देत की!" चकाकी वाढवली, तर विचारलं, "इमारत आहे की काळा चष्मा लावलेला गुंड?" निळसर छटा दिली, तर मासे कधी सोडणार म्हणाले. मामा, काचेला स्वतःचं असं रूपच नसतं हो, समोर असेल ते ती दाखवते. आणि कॉम्प्युटरमधल्या इमारतीसमोर काही म्हणजे काही नसतं, नुसता काळोख. तोच बिचारी इमानाने दाखवत होती. शेवटी इतुराल्देंनी बजावलं, शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर दुसरा माणूस बघतो.

तेव्हा आठवलं, ईस्टरला मामी चर्चला गेल्या असताना मी तुमच्या गच्चीवरून चहूबाजूंचा फोटो काढला होता. तो इमारतीभोवती चादरीसारखा गुंडाळला, एकेक तावदान केसभर तिरकं केलं (खऱ्या इमारतीत कुठलं सरळ असतं?) आणि काय सांगू! समुद्र, ढग, टेकडी, सगळं काचांत उतरलं. इतुराल्देंनी मला मिठी मारली. मग पाचव्या मजल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा कोण?"

तुम्ही होता. अर्ध्या चड्डीवर, गच्चीवरच्या शेगडीपाशी, हातात मांसाचा एक चोरिसो सॉसेज आणि तोंडात दुसरा (तिसरा तोवर माझ्या पोटात होता).

लगेच पुसतो म्हटलं, तर ओरडले, "खबरदार! या माणसामुळेच काच खरी वाटतेय. सगळ्या मजल्यांवर घे!" मी कडाडून विरोध केला (मनातल्या मनात) आणि घेतलं. आता तुम्ही चौदाही मजल्यांवर जेवताय, प्रत्येक मजल्यावर थोडे वेगळ्या कोनात. मोठा फलक इथल्या बसस्थानकावर कालच लागला. पण निर्धास्त असा, मामी जाहिरातींकडे ढुंकूनही बघत नाहीत.

आपला आज्ञाधारक,
लेआंद्रो

ता. क. खरं तर पत्राचं कारण एवढंच, की वकिलांना तुमची लेखी परवानगी हवी आहे. कागद सोबत आहेत. चौदा सह्या लागतील, मजल्यागणिक एक. नाही म्हणालात तर माझी नोकरी गेली.

ता. क. २. मामी तिकीट काढायला स्थानकावर गेल्या होत्या, तिथून तडक इथे आल्या. चोरिसोबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हणाल्या, "गुडघ्यांमुळे यांना जिना चढवत नाही म्हणून चार वर्षं मी धुण्याच्या बादल्या वर नेतेय. मग हे गच्चीवर गेले कसे, उडत?" सह्या तुम्ही करणार, याची त्यांना खात्री आहे. पाकीट चिकटवू नकोस, असंही म्हणाल्या. दुपारच्या बसने पत्र त्याच घेऊन येताहेत.